अंतराला वेगाने भागून घरी कळवू नका

परदेशात नव्याने आलेली मंडळी पहिल्यांदा मायदेशी घरी निघाली की एक हिशेब हमखास करतात. दोन विमानतळांमधलं अंतर बघायचं, ताशी ९०० किलोमीटरने भागायचं आणि ‘इतक्या तासांत पोचतो’ म्हणून कळवून टाकायचं. मीही तेच केलं होतं.

ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं असतं. विमानाला मात्र बंद हवाई हद्दी आणि वादळं यांना वळसा घालावा लागतो. शिवाय वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडन-न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. जाताना साधारण आठ तास, येताना सातच्या आत-बाहेर. तेव्हा जाण्याच्या वेळेवरून परतीची वेळ धरू नका.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर दुसरा दिवस. रात्री १२ नंतरचं विमान असेल तर विमानतळावर आदल्या संध्याकाळीच जायचं.

आता खरं सांगायचं ते. दोन वेगवेगळी तिकिटं काढून प्रवास जोडू नका. परतताना शेवटचा टप्पा इथल्याच देशांतर्गत विमानाचा होता. वेगळा काढला तर स्वस्त पडत होता आणि मध्ये अडीच तास होते, म्हणून काढला. पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा आलं. पासपोर्टची रांग संपवून सामानाच्या पट्ट्यापाशी आले, तर माझी बॅग अगदी शेवटी आली. ती ओढत काउंटर गाठला, तेव्हा विमान सुटायला ३५ मिनिटं होती आणि चेक-इन बंद झालं होतं. काउंटरवरची बाई शांतपणे ‘नाही’ म्हणाली. या देशात नियमापुढे विनवणी चालत नाही. तेव्हा राग आला होता, आता तेच योग्य वाटतं. नवीन तिकिटाला आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त पैसे गेले.

एकाच बुकिंगवर दोन्ही टप्पे असते, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं. दोन बुकिंगं म्हणजे उशीर सगळा तुमच्या माथी. मधला थांबा तिसऱ्या देशात असेल, तर सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि त्यासाठी तिथला व्हिसाही लागू शकतो.

आपल्यातले जुने लोक तिकिटं जोडून पैसे कसे वाचवले ते रंगवून सांगतात. चुकलेल्या विमानाबद्दल कुणी बोलत नाही. त्यांचं ऐकू नका.

टोकियोसारख्या शहरात उतरायचा आणि पुढे निघायचा विमानतळ एकच आहे ना, तेही बघा. हानेदा शहरातच आहे, नारिता मात्र शहरापासून सुमारे ६० किलोमीटर दूर.

आई-वडिलांना बोलावणार असाल, तर मधला थांबा किमान तीन तासांचा ठेवा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून बहुतेक वेळा सर्वांत शेवटी उतरवतात, तो वेळही धरा.