जुन्या मोटरसायकलचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कसा वाचायचा

जुनी बाईक समोर आली की सगळे आधी टाकीवरचं नाव वाचतात. अहो टाकी काय, चार बोल्ट खोलले की निघते आणि थोडी ठोकाठोक केली की कुठल्याही गाडीवर बसते. गाडी खरंच कुठली आणि कुठल्या साली बनली हे कळतं पंच केलेल्या नंबरांवरून, आणि तिथेच लोक फसतात, कारण "चेसिस आणि इंजिन नंबर सेम आहेत ना, मग ओरिजिनलच" असं एकदा डोक्यात बसलंय ते बसलंय. काही कंपन्यांच्या गाड्यांमध्ये नंबर सेम निघाले तरच संशय घ्यायचा असतो. ते पुढे सांगतो, आधी नंबर दिसू तर दे.

चेसिस म्हणजे गाडीची फ्रेम, तिचा नंबर बहुतेक वेळा हँडलच्या नेकवर (हँडल जिथे फ्रेममध्ये बसतं तिथे) किंवा तिथून खाली येणाऱ्या पाईपवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर म्हणजे इंजिनच्या खालच्या मुख्य खोक्यावर, बऱ्याच गाड्यांना सिलेंडरच्या बुडाशी एक सपाट जागा केलेली असते तिथे. वरती रंगाचे चार थर आणि ग्रीस असणारच. पेंट रिमूव्हर लावा, थांबा, मऊ ब्रशने काढा, परत लावा. ड्रिलला वायर ब्रश लावून घासू नका. मी पहिल्या गाडीला तेच केलं आणि अ‍ॅल्युमिनियम इतकं मऊ की शेवटचा आकडा ३ होता का ८ ते कायमचं गेलं. साफ झालं की खडू घासून बोटाने पुसा, खाचांमध्ये पांढरं राहतं. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने अगदी आडवा धरायचा, मग पुसट पंचिंगसुद्धा सावलीमुळे उठून दिसतं. कागद ठेवून पेन्सिल फिरवली तरी छान छाप येतो.

आता नवशिक्यांची हमखास चूक. क्रँककेसवर जे आकडे वर उठलेले असतात ते साच्यातूनच आलेले, तो पार्टचा किंवा कास्टिंगचा नंबर, तसल्या हजारो केसवर तोच असतो. आपल्याला हवा तो आत खोल ठोकलेला. उठावाचा नंबर घेऊन दोन दोन दिवस कंपनीच्या नंबर आणि सालाच्या चार्टमध्ये शोधणारे लोक मी पाहिलेत (त्यात मीही होतो). आणि एक एक आकडा हाताने ठोकलेला असायचा त्यामुळे ओळ थोडी वाकडी असली म्हणजे लगेच डुप्लिकेट समजू नका, ६ उलटा धरून ९ ठोकलेला पण सापडतो, आणि १ आणि आय, शून्य आणि ओ यात गोंधळ होतोच.

बरं, आता कंपनीप्रमाणे हिशेब.

ट्रायम्फमध्ये १९५० च्या दशकापासून फॅक्टरीतून दोन्ही नंबर सेमच यायचे, तिथे जुळले नाहीत तर इंजिन किंवा चेसिस बदललंय हे सरळ आहे. ६५० सीसीच्या युनिट इंजिनला (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) १९६३ च्या मॉडेलपासून डीयू१०१ अशी सुरुवात झाली आणि १९६९ च्या मॉडेलवर दोन अक्षरांचा कोड आला, पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं सालाचं. महिन्यांची अक्षरं जानेवारीपासून ओळीने ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स. सालासाठी हीच बारा अक्षरं पण सुरुवात सी पासून, म्हणजे सी १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२ असं पुढे. आता समजा नंबर टी१२०आर एनडी ने सुरू होतोय. एन म्हणजे ऑक्टोबर, डी म्हणजे १९७०, सगळे पटकन ऑक्टोबर १९७० म्हणतात. चूक! मॉडेलचं वर्ष आधीच्या ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, म्हणून ही गाडी ऑक्टोबर १९६९ ची आहे, मॉडेल १९७० चं. आणि त्या दोन अक्षरांत एफ किंवा एम दिसलं तर एकतर तुम्ही चुकीचं वाचलंय नाहीतर कुणीतरी कोड न समजता ठोकलाय.

बीएसएचं उलट. १९५० च्या दशकात त्यांचे चेसिस आणि इंजिन नंबर वेगळेच असायचे, जुळायची अपेक्षाच नाही, तिथे पुढची अक्षरं बघायची. गोल्ड स्टार ५०० च्या शेवटच्या मॉडेलचं इंजिन डीबीडी३४जीएस आणि चेसिस मात्र सीबी३२. आता ३२ हा ३५० सीसीचा आकडा, त्यामुळे लोकांना वाटतं ३५० च्या फ्रेममध्ये ५०० चं इंजिन घुसवलंय आणि चांगली अस्सल गाडी नको म्हणून परत जातात. फॅक्टरीच तशी बनवायची! उलट या गाडीचे दोन्ही नंबर सेम दिसले तर मी पैसे खिशातच ठेवीन.

व्हिन्सेंटच्या ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलेंडरवाल्या गाडीत, तर अजून मजा आहे, चेसिस नंबरातून इंजिनचा आकडा वजा केला की १९०० यायला पाहिजे. इंजिन नंबर एफ१०एबी/१ ने सुरू झाला तर रॅपिड मॉडेल आणि एफ१०एबी/१बी असेल तर त्याहून महागडं ब्लॅक शॅडो, त्या एका बी साठी किती जणांनी हातात पंच धरला असेल देव जाणे. नॉर्टनमध्ये १९५० च्या दशकात सुरुवातीचं अक्षरच साल सांगतं, जे १९५४, के १९५५, एल १९५६. हार्लेच्या १९७० च्या आधीच्या फ्रेमवर नंबरच नसायचा, इंजिनचा नंबर हाच गाडीचा नंबर, म्हणून १९६१ च्या हार्लेचा कुणी "मॅचिंग चेसिस नंबर" दाखवला तर हसून चहा प्या आणि निघा. होंडाच्या सीबी७५० ला इंजिनवर सीबी७५०ई आणि फ्रेमवर सीबी७५० अशा दोन वेगळ्या मालिका, आकडे जुळत नाहीत आणि जुळायला नकोत. १९८१ नंतरचा सतरा आकड्यांचा नंबर असेल तर काम सोपं, पण मग ती आपल्या विषयातली गाडी राहत नाही.

नंबर हिशेबात बसला तरी आकड्यांच्या आजूबाजूचा धातू बघायचाच. सगळं कास्टिंग खरबरीत आणि नंबराची जागा तेवढी आरशासारखी, किंवा ती जागा थोडी खोल गेलीय, कानशीचे ओरखडे आडवे दिसतायत, तर जुना नंबर घासून नवीन ठोकलाय. १९६९ नंतरच्या ट्रायम्फमध्ये नंबराच्या मागे कंपनीचे बारीक बारीक लोगो उठवलेले असतात ते याचसाठी, घासलं की ते जातात. लोगो गायब आणि नंबर मात्र झकास, यावर वेगळं सांगायला नको. चेसिसला नेकजवळ रंग काढून वेल्डिंगची रेघ बघा, दुसऱ्या फ्रेमचा नंबरवाला तुकडा कापून जोडतात.

इंजिनच्या खाली पण झोपून बघा. क्रँककेसचे दोन अर्धे भाग जोडीनेच मशीनिंग केलेले असतात आणि व्हिन्सेंट, जुनी हार्ले अशा गाड्यांत दोन्हींवर खालून एक जुळणारा आकडा असतो. वरचा नंबर बरोबर आणि खालचे दोन वेगळे, तर दोन इंजिनांचं मिळून एक केलंय. ते चालतं, पण किंमत तशी पाहिजे.

अजूनही अडलं तर सुटे पार्ट साक्ष देतात. लुकास कंपनीच्या मॅग्नेटो (ठिणगी देणारा), डायनॅमोवर (बॅटरी चार्ज करणारा) महिना आणि साल ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ ६ ५७ म्हणजे जून १९५७. एका पार्टवर विश्वास नको कारण तो बदललेला असू शकतो, पण तीन पार्ट १९५७ म्हणतायत आणि चेसिस १९५२ म्हणतोय तर मालकाला प्रश्न विचारायला हरकत नाही. आणि फ्रेम नॉर्टनची, इंजिन ट्रायम्फचं असेल तर ती ट्रायटन, लोकांनी हौसेने बनवलेली, कंपनीच्या कुठल्याच चार्टमध्ये शोधू नका.

शेवटचा शब्द फॅक्टरीच्या रजिस्टरचा. ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बीएसए, ट्रायम्फ वगैरे बऱ्याच कंपन्यांची डिस्पॅचची रजिस्टरं आहेत, बाकी मॉडेलसाठी त्या त्या ब्रँडचे ओनर्स क्लब मदत करतात. त्यांना नंबर नुसता टाईप करून पाठवू नका, आडव्या उजेडातला फोटो आणि पेन्सिलचा छाप जोडा, आणि एखादा आकडा गेलेलाच असेल माझ्यासारखा तर अंदाज न मारता सरळ लिहा की इथे ३ किंवा ८ आहे, दोन्ही बघा.