झिरो माईल म्हणजे (०, ०): निर्देशक भूमितीसाठी ऑटोचा गेम

प्रश्नमंजूषेला नुसते गुण आणि टाळ्यांचे आवाज चिकटवले, तर पोरं दोन दिवसांत कंटाळतात. गणित केल्याशिवाय पुढची चाल खेळताच येऊ नये, असा गेम हवा. नववीच्या निर्देशक भूमितीसाठी तो स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन तासिकांत बनतो. स्क्रॅच फुकट आहे. त्याची ऑफलाइन आवृत्ती आधीच पेनड्राइव्हवर आणा. शाळेच्या नेटच्या भरवशावर राहू नका.

पहिली तासिका कागदावरच. नागपूरच्या नकाशात झिरो माईलचा दगडी खांब हा आरंभबिंदू धरा. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६०, म्हणजे एक्स −२४० ते २४० आणि वाय −१८० ते १८०. १ किमीला ४० एकक धरले, तर १२ बाय ९ किमीचं शहर त्यात मावतं. मोजमाप मुलांनीच पट्टीनं घ्यायचं. दीक्षाभूमी साधारण दीड किमी पश्चिमेला आणि अडीच किमी दक्षिणेला, म्हणून (−६०, −१००), तिसरं चरण. रेल्वे स्टेशन पहिल्या चरणात येतं, मेडिकल चौक चौथ्यात.

दुसऱ्या तासिकेत एका कॉम्प्युटरवर तिघं: एक कीबोर्डवर, एक नकाशावर, एक हिशेबाला. दर दहा मिनिटांनी जागा बदला, नाहीतर कीबोर्डवाला उठतच नाही. गेम असा: पडद्यावर ठिकाणाचं नाव येतं, सवारी थांबलेली असते. खेळणारा आधी एक्स, मग वाय टाइप करतो. ऑटो सरकत तिथे जाते. ठिकाणापासूनचं अंतर १५ एककांपेक्षा कमी असेल, तर भाडं मिळालं. वेळेची मर्यादा पहिल्या दिवशी नकोच, ती लावली की सगळे अंदाजे आकडे ठोकतात.

अडतं कुठे? स्क्रॅचमध्ये प्रश्न विचारणारा ब्लॉक उत्तर एकाच जागी ठेवतो, त्यामुळे वाय विचारताच एक्स पुसला जातो. पहिलं उत्तर लगेच वेगळ्या चलात साठवा. ठिकाणं दिसू नयेत म्हणून त्यांचा स्प्राइट (पडद्यावरचं चित्र) लपवला, तर ‘स्पर्श झाला का’ हा ब्लॉक कायम नाही म्हणतो. म्हणूनच इथे अंतर तपासायचं. मराठी कीबोर्डवरचे देवनागरी आकडे चालत नाहीत, इंग्रजीच टाका. आणि दीक्षाभूमीसाठी (−१००, −६०) लिहून ऑटो भलतीकडे गेली, तर लगेच सांगू नका. नकाशावर बोट ठेवायला लावा, चूक त्यांनाच सापडते.

गोरेवाडा तलाव यादीत मुद्दाम घाला. तो चांगला पाच किमी उत्तरेला, म्हणजे वाय २०० च्या घरात. लहान आकाराची ऑटो वरच्या काठाला अडकते आणि वर्गात गलका होतो. मग १ किमीला ३० एकक घ्या आणि दीक्षाभूमी आता कुठे सरकली, ते पोट्ट्यांना काढू द्या.