रामसेचं भूत घरी बोलवायचं असेल तर

रामसे बंधू म्हणजे स्वस्तात हिंदी भुताचे पिक्चर काढणारं कुटुंब. त्यांचे पिक्चर तुकड्या-तुकड्यात मोबाईलवर बघून हसणारे खूप झालेत, पण अख्खा पिक्चर, रात्री, घरच्या टीव्हीवर, जुन्या व्हीसीडीवर (म्हणजे पिक्चरच्या सीडीवर) किंवा कॅसेटवर बघायचा असेल तर थोडी तयारी लागते. ती कशी करायची ते सांगतो, आणि आधीच सांगतो की यात माझी आवडनिवड भरपूर आहे.

सुरुवात 'पुराना मंदिर'पासूनच करा, १९८४ चा. सामरी नावाचा राक्षस, त्याचं मुंडकं एकीकडे पेटीत बंद, धड दुसरीकडे पुरलेलं, आणि राजघराण्याला शाप की घरातली बाई बाळंतपणात मरणार. सामरी झालाय अनिरुद्ध अगरवाल, जो शिकलेला इंजिनियर होता, आणि त्याची उंची आणि तो चेहरा बघितला की मेकअपवाल्याचं निम्मं काम आधीच झालेलं होतं हे कळतं. शिवाय आपले सदाशिव अमरापूरकर आहेत, ललिता पवार आहेत, आणि मधेच जगदीपचा मच्छर सिंग येतो जो सरळसरळ गब्बरची नक्कल आहे आणि ज्याचा मूळ गोष्टीशी काडीचा संबंध नाही. लोक तो ट्रॅक पुढे ढकलतात. पहिल्यांदा बघताना ढकलू नका, कारण भूत, गाणी, मारामारी, कॉमेडी सगळं एकाच तिकिटात द्यायचं हाच त्या धंद्याचा हिशोब होता आणि तो हिशोब दिसला की पिक्चर जास्त आवडतो.

आता डिस्क. मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, नाहीतर बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचा माल विकणारे, कुठेतरी मिळते. घेताना लोक खालची चकचकीत बाजू बघतात, ती बघाच, पण डिस्क दिव्यासमोर धरून वरच्या, म्हणजे चित्राच्या बाजूलाही बघा. टाचणीएवढी भोकं उजेडात चमकली तर सोडून द्या, कारण सीडीचा चांदीसारखा थर वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो, तो उडाला की तिथला डेटा गेला. खालचे बारीक ओरखडे चालतात. पुसताना गोल गोल पुसायचं नाही, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं. ब्लू-रे प्लेयर बऱ्याचदा व्हीसीडी घेतच नाही, जुना डीव्हीडी प्लेयर घ्या, नाहीतर कॉम्प्युटरला ड्राइव्ह लावून आतल्या फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडा, चालते.

कॅसेट मिळाली तर अजून मजा पण अजून कटकट. खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही, हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. टेप स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली असते. चित्रात मुंग्या आल्या तर व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवा. काही कॅसेटवर पिक्चर चालू असताना खालून जाहिरातीची पट्टी सरकते, कुठल्यातरी कापडाच्या दुकानाची, ती मिळाली तर नशीब समजा.

टीव्हीचं सेटिंग महत्त्वाचं आहे आणि इथेच सगळे गंडतात. चित्र ताणून पूर्ण स्क्रीन भरू नका, चार-तीनमध्येच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारात ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या येऊ देत. शार्पनेस कमी करा, ते मोशन स्मूथ करणारं जे काही असतं ते बंद करा, नाहीतर हवेली सीरियलच्या सेटसारखी दिसते. ब्राइटनेस वाढवू नका! व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एवढंच, त्यात धूर आला की चौकोन चौकोन नाचायला लागतात, आणि अंधार उजळवला तर तेच चौकोन आधी दिसतात. थोडं लांब बसा. चांगल्या, साफ केलेल्या प्रिंट परदेशात निघाल्यात, मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीने काढल्या, त्या बघाच पण नंतर. माझं मत असं की या भुतांना थोडी अस्पष्टताच मानवते, मुखवट्याची कड दिसली नाही की डोकं स्वतःच उरलेलं भरून काढतं.

बघताना लाइटकडे लक्ष ठेवा. लाल, निळा, हिरवा, एकाच खोलीत तिन्ही, आणि का ते विचारायचं नाही. कॅमेरा गंगू रामसेचा, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम, बाकीचे भाऊ आवाज, एडिटिंग, लिखाण सांभाळणारे, एकूण सात भाऊ. म्हणजे युनिट घरचंच. १९७२ च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी हे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि पिक्चर करून आलं. त्याआधी वडिलांचा एक मोठा पिक्चर पडला होता, पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या एका सीनला लोक घाबरले होते, मग तेवढंच पकडून पुढे आख्खा धंदा उभा केला. हे माहीत असलं की स्वस्त वाटणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे तोच जिना, तेच दार, तोच गडगडाट परत परत, वेगळी दिसायला लागते. पैसा नव्हता पण आळस नव्हता.

माणसं चार-पाचच बोलवा, आणि सतत टोमणे मारणारा एक तरी असतो त्याला जेवायला वाढायच्या कामाला लावा. हसू आपोआप येतं, आणण्याची गरज नाही, आणि मधेच एखादा सीन खरंच चावतो तेव्हा खोलीत शांतता हवी. लहान मुलं नकोत, रक्त आणि आंघोळीचे सीन दोन्ही आहेत. लाइट पूर्ण बंद करू नका, स्वयंपाकघरातला एक राहू दे, व्हीसीडीचा पिक्चर एका डिस्कवर मावत नाही, मधे डिस्क बदलायला उठावं लागतं. पहिली डिस्क संपते ती बऱ्याचदा भलत्याच जागी, कधी किंकाळीच्या मधे, तोच चहाचा इंटरव्हल.

दुसऱ्या रात्रीसाठी 'बंद दरवाज़ा', १९९० चा, त्यात पण अनिरुद्ध अगरवालच, यावेळी नेवला नावाचा रक्तपिपासू. 'वीराना' तिसरा लावा. एका रात्रीत दोन लावायला जाऊ नका, हे पिक्चर अडीच तासांच्या आसपास जातात आणि दुसऱ्यातला जगदीप-टाइप कॉमेडी ट्रॅक रात्री दीड वाजता कोणालाच झेपत नाही.