‘सांजावतंय’साठी एस्पेरांतोत एकच शब्द आहे

एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकायला लागून आठवडा झाला असेल-नसेल, मी एका पत्रमित्राला स्वतःची ओळख लिहून पाठवली. जन्मसाल सांगायचं होतं म्हणून लिहिलं, ‘मी नास्किस एन 1991’. लगेच उत्तर आलं: अभिनंदन! मुलगा की मुलगी? ‘नास्कि’ म्हणजे जन्म देणे. ‘जन्मलो’ म्हणायचं तर ‘नास्किजिस’ लिहायला हवं होतं. मधल्या ‘इज’च्या गैरहजेरीनं मला बाळंत केलं.

खरं तर हा ‘इज’ मराठी माणसाला अवघड जायचं कारण नाही. काच फोडली आणि काच फुटली यातला फरक आपल्याला कुणी शिकवत नाही. एस्पेरांतोत ‘रोंपि’ म्हणजे फोडणे आणि ‘रोंपिजि’ म्हणजे फुटणे. ‘ला वित्रो रोंपिजिस’ म्हटलं की काच फुटली. कुणाच्या हातून, ते गुलदस्त्यात. उलट्या दिशेनं जायचं तर ‘इग’ लावायचा: ‘ब्रुलि’ जळणे, ‘ब्रुलिगि’ जाळणे. पण मूळ धातू ‘फोडणे’च्या घरातला की ‘जळणे’च्या, हे ज्याचं त्याचं लक्षात ठेवावं लागतं. नव्यानं शिकणाऱ्यानं वहीत क्रियापद उतरवताना शेजारी ही खूण करून ठेवावी. मी ती केली नाही, त्याचं फळ वर सांगितलंच.

डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या झामेनहोफ यांनी ही भाषा 1887 मध्ये वॉर्सात एका छोट्या पुस्तिकेतून लोकांपुढे ठेवली. त्यात व्याकरणाचे 16 नियम होते आणि सुमारे 900 धातू. एवढ्याशा भांडवलावर माणूस मनातलं काय बोलणार, ही शंका मलाही होती. खुद्द झामेनहोफ यांनी 1894 मध्ये ‘हॅम्लेट’चा अनुवाद करून तिचं उत्तर दिलं होतं, पण माझी शंका फिटली ती त्यामुळे नाही. एका संध्याकाळच्या गप्पांत कुणीतरी सहज म्हणालं, ‘वेस्पेरिजास’. ‘वेस्पेरो’ म्हणजे संध्याकाळ, पुढे तोच ‘इज’, शेवटी वर्तमानकाळाचा ‘आस’. कर्ता नाही, ‘होणे’ नाही. सांजावतंय! इंग्रजीत यासाठी कुठून तरी एक ‘इट’ आणून उभा करावा लागतो. मी इतके दिवस आधी इंग्रजीत वाक्य जुळवून मग एस्पेरांतोत उतरवत होतो. ते त्या दिवशी सोडलं.

तेव्हापासून नवीन येणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो: शब्दांच्या लांबलचक याद्या घोकू नका, प्रत्यय पक्के करा. ‘रिदि’ म्हणजे हसणे. ‘रिदेति’ गालातल्या गालात, ‘रिदेगि’ खदाखदा, आणि ‘रिदाचि’ म्हणजे ऐकवत नाही असं ओंगळ हसणं. हेच तीन प्रत्यय घराला लावा, पावसाला लावा, कुत्र्याला लावा, कुणी अडवणार नाही. मराठीत काळवंडणं आहे, पण निळ्याचं असं काही पटकन सुचत नाही. तिथे ‘ला चिएलो ब्लुआस’ म्हटलं की आभाळ निळाई मिरवत उभं राहतं. माझा लाडका प्रत्यय मात्र ‘ओत’. ‘लेगिता लिब्रो’ वाचलेलं पुस्तक, ‘लेगाता लिब्रो’ सध्या वाचनात असलेलं, आणि ‘लेगोता लिब्रो’ वाचायचं पुस्तक. तिसऱ्या प्रकारची माझ्याकडे भिंत झाली आहे.

भांडण लागतं ते ‘माल’वरून. हा उपसर्ग लागला की अर्थ थेट उलटा होतो. ‘फेर्मि’ बंद करणे, ‘मालफेर्मि’ उघडणे. ‘देक्स्त्रा’ उजवा, ‘मालदेक्स्त्रा’ डावा. घाईत रस्ता सांगताना ‘माल’ ऐकू आला नाही तर माणूस नेमका उलटीकडे वळतो. कवींना तर हे लांबलचक शब्द वृत्तात बसवताना घाम फुटतो. म्हणून ‘मालरापिदा’ऐवजी ‘लेंता’, ‘माल्लोंगा’ऐवजी ‘कुर्ता’ असे सुटसुटीत शब्द आले. (कुर्ता म्हणजे आखूड, हे मला अजून हसल्याशिवाय म्हणता येत नाही.) असे शब्द वाढत गेले तर भाषेचा सोपेपणाच जाईल, असं म्हणणारा पक्षही तितकाच जोरात आहे. माझं मत विचाराल तर कवितेत चालवून घ्यावेत, पत्रात टाळावेत.

सगळंच साधतं असं नाही. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू’ यांत समोरच्याला बरोबर घेतलंय की नाही ते लगेच कळतं. एस्पेरांतोत दोन्हींना ‘नी’च. लहान मूल असो की वयोवृद्ध प्राध्यापक, रोजच्या बोलण्यात सगळ्यांना ‘वी’. आणि ‘फिदीफिदी’ला मी अजून प्रतिशब्द शोधतोय. ‘रिदाचि’ जवळ जातो, पण त्यात तो आवाज नाही.

काही शब्द कुणी ठरवून केले नाहीत, ते बोलणाऱ्यांत उगवले. सगळ्यांना एस्पेरांतो येत असताना आपल्याच मातृभाषेत गप्पा ठोकत बसणं म्हणजे ‘क्रोकोदिलि’, मगरपणा करणं. एका ऑनलाइन बैठकीत आम्ही दोघं मराठीत घसरलो, तर चहूकडून ‘ने क्रोकोदिलु!’ सुरू झालं. दुसरा शब्द ‘काबेइ’. काबे हे काझिमिएझ बेइन यांचं टोपणनाव. नावाजलेले अनुवादक, आणि तेही डोळ्यांचेच डॉक्टर. 1911 मध्ये त्यांनी एकाएकी एस्पेरांतो सोडली. तेव्हापासून उत्साहानं वावरणारा कुणी अचानक दिसेनासा झाला की तो ‘काबेइस’.

मीही मध्ये आठ महिने काबेइस झालो होतो. परतल्यावर त्याच पत्रमित्राला लिहिलं, ‘मी मालकाबेइस’. हा शब्द कोशात आहे का, हे बघायच्या भानगडीत पडलो नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मालकाबेइस म्हणजे काय, असं त्यानं विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच: आणि बाळ किती मोठं झालं?