नुसता बफर टाकून बघितलास का?

पीएचडीच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) फ्लुओ-४ भरलं होतं. कॅल्शियम धरलं की हिरवा चमकणारा हा रंग; त्यावरून पेशीतलं कॅल्शियम मोजतात. पिपेटने पेशीतलं कॅल्शियम वाढवणारं हिस्टमिन सोडलं आणि काही सेकंदांत काळ्या पडद्यावर पेशी एकेक करून हिरव्या पेटल्या. आलेख घेऊन मी मॅडमकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "नुसता बफर टाकून बघितलास का?" म्हणजे हिस्टमिन नसलेलं साधं द्रावण.

दुसऱ्या दिवशी बघितलं, तर बफरनेही पेशी पेटल्या! पिपेटच्या धारेचा धक्का बसला की पेशी एटीपी हा रेणू बाहेर सोडतात आणि त्या एटीपीनेच आतलं कॅल्शियम वाढतं. शांत पेशीत ते साधारण १०० नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमोलर) असतं, बाहेर त्याच्या दहा हजार पट. मग एवढं तेवढं निमित्तही पुरतं. तेव्हापासून मी डिशच्या कडेने, थेंब थेंब सोडते.

बाटलीतला रंग एएम रूपात, म्हणजे एस्टरची शेपटी जोडून येतो, म्हणून तो पेशीत शिरतो. आत गेल्यावर एस्टरेज नावाची विकरं ती शेपटी कापतात आणि मग तो कॅल्शियम धरतो. त्यामुळे धुतल्यावर आणखी अर्धा तास थांबा. मात्र ३७ अंशांवर तासन्‌तास ठेवलंत तर रंग पेशीतल्या पिशव्यांत घुसतो आणि नुसते ठिपके दिसतात. फिनॉल रेड हा लाल सूचक रंग असलेलं मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) तर मायक्रोस्कोपखाली आणूच नका.

फ्लुओ-४ ची खोड अशी, की फोकस जरा हलला तरी कॅल्शियम उतरल्यासारखं दिसतं. रसायनशास्त्रज्ञ रॉजर चेन यांच्या प्रयोगशाळेतून १९८५ मध्ये आलेलं फ्युरा-२ हा दुसरा रंग इथे कामाला येतं: ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकायचा, ५१० ला मोजायचं आणि भागाकार करायचा. रंग कमी-जास्त भरला, पेशी जाड-पातळ असली, तरी फारसं बिघडत नाही. फक्त तुमचं ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं भिंग) ३४० नॅनोमीटरचा प्रकाश आरपार जाऊ देतं का ते आधी विचारा. आमच्याकडचं देत नव्हतं, आणि हे कळायला माझा आठवडा गेला.

लायसोसोमच्या (पेशीतल्या आम्लाच्या पिशव्या) वाटेला मात्र सुरुवातीला जाऊ नका. तिथल्या आम्लात या रंगांचा हिशोबच चुकतो. रसायनशास्त्रज्ञ यमुना कृष्णन यांच्या गटाने डीएनएपासून बनवलेला सेन्सर पीएच आणि कॅल्शियम दोन्ही एकदम मोजतो, तो यासाठीच.

आणि प्रत्येक डिशच्या शेवटी पेशीत कॅल्शियम शिरू देणारं आयोनोमायसिन, मग कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए. कमाल आणि किमान उजेड कळल्याशिवाय नॅनोमोलरमधला आकडा निघत नाही. माझ्या पहिल्या चौदा डिशना मी हे केलं नव्हतं. त्यातली एकही थीसिसमध्ये गेली नाही.