फार्मास्युटिक्समध्ये पीएचडी करताय? पावसाळ्याआधी या चुका टाळा

ठाण्याहून वाशी-पनवेलच्या लोकलने कॉलेज गाठणाऱ्या कुठल्याही रिसर्च स्कॉलरला विचारा, "कुठवर आलं?" उत्तर ठरलेलं: "फॉर्म्युलेशन झालंय, फक्त स्टॅबिलिटी राहिलीय." फॉर्म्युलेशन म्हणजे औषधाला गोळी-पावडरसारखं रूप देणं, स्टॅबिलिटी म्हणजे ते किती टिकतं याची चाचणी. या 'फक्त'मध्ये वर्ष जातं. अ‍ॅक्सिलरेटेड स्टॅबिलिटी म्हणजे ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने. गाईड कितीही प्रेमळ असोत, सहाचे चार होत नाहीत. म्हणून पहिली बरी बॅच जमली की ती लगेच चेंबरमध्ये (ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या कपाटात) टाका, आणि पुन्हा तपासायची वेळ आली तर हाताशी असावेत म्हणून जास्तीचे नमुनेही ठेवा.

माझी स्वतःची फजिती सांगते. पाण्यात जेमतेम विरघळणारं औषध, पीव्हीपी के-३० हा पॉलिमर घालून सॉलिड डिस्पर्शन, म्हणजे औषध पॉलिमरमध्ये स्फटिक न होऊ देता पसरवलेली पावडर. एप्रिलमध्ये एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिक शोधणाऱ्या तपासणीचा) आलेख छान सपाट, एकही टोक नाही. जुलैत तीच पावडर बाटलीत ओल्या गुळासारखी गोळा झालेली आणि आलेखात स्फटिकांची टोकं परत हजर! तीन आठवडे मी पॉलिमरच्या प्रमाणाला दोष देत बसले. दोष होता नवी मुंबईच्या दमट हवेचा आणि माझ्या सवयीचा. संध्याकाळी लॅबचा एसी बंद व्हायचा आणि बाटलीचं झाकण तसंच सैल राहायचं. पीव्हीपी ओलावा ओढतं, त्याने काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर काचेसारखा कडक पदार्थ मऊ पडतो) खाली येतं, रेणूंना हलायला जागा मिळते आणि औषध पुन्हा स्फटिक होतं. तेव्हा वजन झटपट करा, नमुना डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, बाहेर तपासणीला पाठवताना अ‍ॅल्युमिनियमच्या पाऊचमध्ये सील करा. आणि वहीत त्या दिवसाची खोलीची आर्द्रता लिहाच. हे कोणी सांगत नाही, पण गोंधळ सोडवायला तीच नोंद कामाला येते.

डिसोल्युशनचे, म्हणजे गोळीतून किती औषध विरघळलं याचे, आकडे विनाकारण कमी येत असतील तर गोळीवर संशय घेण्याआधी फिल्टर तपासा. औषध त्याला चिकटतं. प्रमाणित द्रावण फिल्टरआधी आणि नंतर मोजून पाहा. फरक दिसला तर फिल्टरचं मटेरियल बदला, नाहीतर गाळलेल्या द्रावणाचे सुरुवातीचे काही मिली टाकून द्या.

एचपीएलसीचा (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) दाब वाढला? आदल्या दिवशी फॉस्फेट बफर (क्षारांचं द्रावण) कॉलममध्येच, म्हणजे यंत्राच्या भरीव नळीतच, ठेवून पुढे थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं असेल, तर क्षार द्रावणातून वेगळे होऊन कॉलममध्ये साचलेत. आधी नव्वद टक्के पाणी असलेल्या मिश्रणाने अर्धा तास धुवायचं, मगच सॉल्व्हंट.

ड्रग डिझाइनवाल्यांची खोड वेगळी: डॉकिंगचा (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहण्याचा) मोठा ऋण स्कोअर, म्हणजे घट्ट बसण्याचा अंदाज, मिळाला की पेपर लिहायला बसतात. प्रथिनातला मूळ लिगंड (त्याला आधीच जोडलेला रेणू) काढून पुन्हा डॉक करून बघा. आरएमएसडी, म्हणजे मूळ जागेपासूनचा सरासरी फरक, २ अँगस्ट्रॉमच्या आत आला नाही, तर पुढच्या स्कोअरना अर्थ नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आधीच लागते, मागाहून मिळत नाही. समितीची बैठक रोज नसते, त्यामुळे अर्ज फॉर्म्युलेशन चालू असतानाच द्या. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीचा कालावधी कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षांचा आहे. शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याची अट यूजीसीने काढली असली तरी विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून नोंदणीच्याच वेळी विचारून घ्या.

आणि डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी झालं असेल, तर ते आजच ओव्हनमध्ये टाका.