सिरियल ड्रायव्हरमधले जुने पत्ते खोडण्याआधी

एक्स-८६ मशीनसाठी, म्हणजे नेहमीच्या पीसीसाठी, लिनक्सच्या सिरियल ड्रायव्हरला (सिरियल पोर्ट चालवणारा कोड) पोर्टचे चार पत्ते आधीच पाठ करून दिलेले असतात: ३एफ८, २एफ८, ३ई८, २ई८. आयआरक्यू, म्हणजे पोर्ट प्रोसेसरला हाक मारतो ते क्रमांक, ४, ३, ४, ३. ही आयएसए या जुन्या जातीच्या कार्डांच्या काळातली सोय. आता बहुतेक मशीनवर एसीपीआयच (फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचा कोड, हार्डवेअरची माहिती देतो ती सोय) पोर्टचा पत्ता सांगतं, म्हणून आपल्या कर्नलमधून, लिनक्सच्या गाभ्यातून, हा तक्ता काढायचा. ओळी चारच, पण घाई नको.

आधी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊन या. आमच्याकडच्या वजनकाट्याचा इंडिकेटर अजून नऊ पिनांच्या केबलनेच पीसीशी बोलतो. केबलच्या स्क्रूत कापसाचं तूस इतकं गच्च बसलेलं की तो रुपयाच्या नाण्यानं फिरवावा लागला. दिवाणजींना विचारून पीसी सुरू करा आणि डीमेसेजमधली (कर्नलच्या नोंदींमधली) पोर्टची ओळ वाचा. सुरुवातीला '००:०५' असा पीएनपीचा (हार्डवेअर आपोआप ओळखायच्या पद्धतीचा) आकडा दिसला तर पत्ता फर्मवेअरनं दिलाय, निर्धास्त राहा. नुसतं 'सिरियल८२५०' दिसलं आणि पीएनपीची ओळ कुठेच नसली, तर हे मशीन तुम्ही खोडणार त्याच तक्त्यावर जगतंय. मग बायॉसमध्ये, फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, डोकवा, आणि तरी जमलं नाही तर त्या पीसीपुरता तक्ता राहू द्या. सेटसिरियल (पोर्टची सेटिंग दाखवणारी कमांड) चालवून तिचं उत्तर पेन ड्राइव्हवर घ्या. बेस बॉड, म्हणजे पोर्टचा मूळ वेग, ११५२०० हवा: चिपच्या घड्याळाचे १८४३२०० हर्ट्झ भागिले १६. हा आकडा चुकला तर पोर्ट उघडतो, पण वजनाच्या जागी भलतीच अक्षरं येतात. पीसीआय कार्ड असेल तर पोर्टचं नावही बदलू शकतं, म्हणून काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं नाव भरलंय ते लिहून घ्या.

कर्नलचा सोर्स कोड पूर्ण इतिहासासकट उतरवा. गावातल्या नेटवर्कवर ते होत नाही, तालुक्याला जावं लागतं. गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहास २००५ पासूनचा असल्यानं बऱ्याच जुन्या ओळींचा माग तिथेच संपतो, हे धरून चाला. बिल्ड (कोडमधून कर्नल तयार करणं) लावण्याआधी इन्व्हर्टर भरलेला हवा. लाइन दुपारी जातेच. लोकलमॉडकॉन्फिग (मशीनवर चालू असलेले मॉड्यूलच बिल्डमध्ये ठेवणारा पर्याय) वापरलं तर वेळ पुष्कळ वाचतो.

ग्रबमध्ये (पीसी सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू) जुना कर्नल राहू द्या, आणि तो निवडायचा कसा हे दिवाणजींना करून दाखवा. दसऱ्यानंतर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या की काट्याला हात लावायचा नाही. गुढीपाडवा उलटला की मग या, केबल आणि पेन ड्राइव्ह घेऊन.